पीसीटी, सीआरपी, लॅक्टेट : सेप्सिसमध्ये रक्ताचे रिपोर्ट नेमकं काय सांगतात?

घरातलं माणूस आयसीयूत गेलं की नातेवाइकांच्या हातात रोज रिपोर्टचे कागद येऊ लागतात. सीआरपी १८०, पीसीटी १२, लॅक्टेट ४. कुणीतरी त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतं, कुणी ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतं. आकडा वाढला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. यातल्या प्रत्येक आकड्याला अर्थ आहे, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. आणि सीआरपीपेक्षा बराच महाग असलेला पीसीटी खरा कुठं कामी येतो, हे तर बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ असं सर्रास म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार, इन्फेक्शनशी लढताना शरीराची प्रतिक्रिया बेताल होते आणि त्यात स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. सुरुवात कशानंही होऊ शकते: न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम, बाळंतपणानंतरचा ताप. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी जोडलेले होते. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

आता रिपोर्टकडे वळू. लॅक्टेट इन्फेक्शन शोधत नाही. पेशींपर्यंत रक्त आणि ऑक्सिजन नीट पोहोचत नसला किंवा शरीरावर मोठा ताण आला, की रक्तातलं लॅक्टेट वाढतं. २ मिलीमोल प्रति लिटरच्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. पुरेसं सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वरच आहे, तर तो सेप्टिक शॉक. म्हणूनच ही टेस्ट काही तासांनी परत करतात. आकडा खाली आला तर उपचार लागू पडतायत, असा अंदाज बांधता येतो.

सीआरपी हे लिव्हरमध्ये तयार होणारं प्रोटीन आहे. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. टेस्ट स्वस्त आहे, छोट्या लॅबमध्येही होते. पण सीआरपी कुठल्याही सुजेला वाढतो: ऑपरेशन, संधिवात, अपघाताची जखम, काहीही चालतं. शिवाय तो हळू चालतो, शिखरावर पोहोचायला दीड-दोन दिवस लागतात. आणखी एक घोळ युनिटचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक! लॅब बदलल्यावर ‘कालचा १५० आज १५ झाला’ म्हणून आनंद करण्याआधी युनिट बघून घ्या.

पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. एरवी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत कॅल्सिटोनिन हे हार्मोन बनवण्यासाठी हा कच्चा माल तयार होतो आणि रक्तात जवळपास सापडतच नाही. निरोगी माणसात तो ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षाही कमी असतो. बॅक्टेरियाचं गंभीर इन्फेक्शन झालं की शरीरातले इतर अनेक अवयवही तो बनवू लागतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये हे लहान मुलांच्या रक्तात दाखवून दिलं. चार-सहा तासांत तो वाढायला लागतो आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की साधारण दिवसाला निम्मा होत उतरतो. व्हायरल तापात सहसा फारसा वाढत नाही.

मग पीसीटी कमी आला तर सेप्सिस नाही, असं धरायचं का? नाही! आजार अगदी सुरुवातीला असेल तर आकडा कमी दिसू शकतो. उलट मोठं ऑपरेशन, भाजणं किंवा किडनीचा जुना आजार असेल तर सेप्सिस नसतानाही तो वाढलेला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे जास्त जपायला हवं, कारण गंभीर मलेरियातही पीसीटी चढतो आणि मलेरिया काही बॅक्टेरिया नाही. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे पीसीटीवर ठरवू नका. पेशंट शॉकमध्ये असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल, तर शक्यतो एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्यावं, असं त्या सांगतात. शॉक नसेल आणि शंका धूसर असेल, तर भराभर तपासणी करून, शंका कायम राहिल्यास तीन तासांच्या आत. रिपोर्टची वाट बघत बसायला वेळ नसतो.

पीसीटीचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याच सूचनांनुसार अँटिबायोटिक कधी थांबवायचं, हे ठरवताना त्याची मदत घेता येते. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नियम साधा होता: सर्वात वरच्या आकड्यापासून पीसीटी ८० टक्के उतरला किंवा ०.५ पर्यंत आला, की डॉक्टरांना अँटिबायोटिक थांबवायचा सल्ला मिळायचा. औषधाचे दिवस ७ वरून ५ वर आले आणि मृत्यू वाढले नाहीत. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या २,७६० पेशंटवरच्या चाचणीचे निकाल आले. रोजच्या पीसीटीमुळे तिथं औषध सरासरी जवळपास एक दिवस लवकर थांबलं. सीआरपी बघून मात्र तेवढा फायदा झाला नाही. एक दिवस म्हणजे किरकोळ वाटेल. पण आयसीयूतल्या भारी अँटिबायोटिकचा प्रत्येक दिवस पैशात मोजावा लागतो, किडनीवर ताण येऊ शकतो, आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला वाव मिळतो.

यातला कुठलाही आकडा जंतूचं नाव सांगत नाही. ते काम ब्लड कल्चरचं. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी त्यासाठी रक्त घेतात, मात्र त्यापायी डोस रखडू देत नाहीत. जंतू वाढून कुठलं औषध चालेल हे कळायला दोन-तीन दिवस जातात. बऱ्याच पेशंटमध्ये कल्चर निगेटिव्ह येतं, तरी सेप्सिस असतोच.

घरी तर यातलं काहीच हाताशी नसतं. ताप किंवा जखम असलेला माणूस अचानक बडबडायला लागला, ओळखेनासा झाला, श्वास जोरात चालू लागला, लघवी फारच कमी झाली, हातपाय गार पडले, तर लॅबमध्ये नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी ताप नसेलही, कधी अंग उलट थंड लागतं.

ॲडमिट झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: कल्चरमध्ये काय आलं आणि अँटिबायोटिक अजून किती दिवस? डिस्चार्जच्या वेळी कल्चरचा रिपोर्ट मागून घ्या. पुढं कधी परत इन्फेक्शन झालं, तर नव्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवता येईल.