खेळ सगळ्यांचा, भाग ६ : अडतं ते नियमावलीत

मोबाइल गेमच्या स्पर्धेत दिव्यांग मुलांचं अडतं तरी काय? धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, बसल्या जागी बोटं चालवायची. हॉलला रॅम्प बांधला की संपलं, असं आयोजकांना अगदी मनापासून वाटतं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी अशी स्पर्धा भरवायची म्हटली, तर रॅम्प हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्सची गावपातळीवरची स्पर्धा म्हणजे व्हॉट्सअॅपवर पोस्टर, चौघांचा स्क्वॉड, आणि ठरल्या वेळी रूम आयडी-पासवर्ड. नियम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. फक्त मोबाइलवर खेळायचं. ट्रिगर (फोनला लावायचं जादा बटण), कंट्रोलर, कीबोर्ड-माउस बंद. कोणावर हॅकिंगचा संशय आला, तर हँडकॅम मागतात, म्हणजे खेळताना हात दिसतील असा व्हिडिओ. आता ज्याला एकच हात चालतो अशा मुलाचा विचार करा. समोरचे चार बोटांच्या ‘क्लॉ’ने एकाच वेळी पळतात, नेम धरतात, गोळी झाडतात. हा फोन स्टँडला लावणार आणि पायाखालच्या बटणावर गोळीचं काम सोपवणार. ते बटण दिसलं की हा बाद!

हा नियम मुळात वाईट नाही. दोन्ही हात धड असलेल्याला ट्रिगर म्हणजे एक जास्तीचं बोट मिळतं, ती लबाडीच. पण ज्याला बोटच कमी, त्याची तेवढ्याने जेमतेम बरोबरी होते. नियम उपकरण बघतो, हात बघत नाही.

बुद्धिबळाने हा गुंता केव्हाच सोडवलाय. बडोद्याचा दृष्टिहीन खेळाडू दर्पण इनानी याने ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. अशा खेळाडूच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं आणि काळ्या मोहऱ्यांवर वेगळी खूण असते. हात लावला की तो मोहरा खेळलाच पाहिजे, हा बुद्धिबळाचा कडक नियम. पण इथे मोहरा भोकातून उचलला तरच ‘हात लावला’ धरतात, कारण पट चाचपल्याशिवाय त्याला डाव कळणारच नाही. चाल मोठ्याने सांगायची, आणि ऐकण्यात घोळ नको म्हणून उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर अशी नावं. हे सगळं फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांच्या परिशिष्टात आहे. कोणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही.

व्हिडिओ गेममध्येही उपकरणं आहेत. २०१८ साली आलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे १९ जॅक आहेत; डोक्याने, कोपराने, पायाने दाबायचं कुठलंही बटण तिथे जोडता येतं. नेदरलँड्सचा स्वेन हा दृष्टिहीन खेळाडू ‘स्ट्रीट फायटर’ निव्वळ आवाजावर खेळतो. त्याला अडथळा कशाचा होईल? आपल्याकडच्या डीजेचा. कॉमेंट्री स्पीकरवरून ठणाणा लावायची हौस आवरली, तरी अर्धं काम होईल आणि त्याला पैसाही लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र या विषयाला एक वेगळीच बाजू आहे, आणि ती कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत ठळकपणे सापडणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात सिकलसेल आहे. इथल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांना ठाऊक आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, फार दमणूक झाली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत असह्य कळा सुरू होतात. असा मुलगा एरवी चारचौघांसारखाच दिसतो. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून पाण्याविना ताटकळत ठेवलेली स्पर्धा, किंवा एसीच्या झोताखालचं टेबल, त्याला दवाखान्यात पोचवू शकतं. त्याला रॅम्पही नको आणि कंट्रोलरही नको. दोन मॅचमध्ये खरी विश्रांती, प्यायला पाणी, बसायची जागा बदलून घ्यायची मुभा, आणि कळा सुरू झाल्या तर स्क्वॉड बाद न करता राखीव खेळाडू घ्यायची सोय, एवढंच हवं. शेवटची गोष्ट पुन्हा नियमावलीतलीच.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे दिला, आणि दिव्यांग कायद्याचं कलम ३० खेळांच्या सुविधा नव्याने आखण्याबद्दलच बोलतं. ४०% च्या दाखल्याची अट नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांना आहे. वाजवी सोय मागायला ती लागत नाही. तेव्हा पोस्टरवर बक्षिसाच्या आकड्याखाली एक ओळ टाकावी : ‘खेळताना काही वेगळी सोय लागत असेल तर नोंदणीच्या वेळीच कळवा.’ कळवलेलं उपकरण पंचाने आदल्या दिवशी तपासावं. एका दाबात एकच क्रिया होते ना, आपोआप गोळ्या झाडणारी काही क्लृप्ती नाही ना, एवढं बघावं, आणि मंजुरी रूम आयडी वाटण्याआधी सगळ्या स्क्वॉडना सांगावी. आजाराचं नाव मात्र सांगू नये. मंजुरी आधीच कळली की हरल्यानंतर ग्रुपवर होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.