ग्रंथालयाच्या ई-मेलवर दोन पत्ते का दिसतात?

काही सभासदांनी विचारले आहे की पुस्तक परत करण्याची आठवण देणाऱ्या ई-मेलवर त्यांना एक पत्ता दिसतो आणि कार्यकारिणीतल्या मंडळींना दुसराच. काहींच्या स्पॅममध्ये अशी पत्रे जाऊन पडतात आणि मग दंड भरायची वेळ आली की कार्यालयात वाद होतो. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंडळाचे ई-मेल पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवरून जातात. वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना ते लिहिले. १९९८पासून ते सर्वांसाठी मोफत खुले आहे.

ग्रंथालयाचा संगणक पत्र पाठवतो तो मंडळाच्या अंतर्गत पत्त्यावरून. हा पत्ता कार्यालय आणि सभागृहापुरताच खरा. बाहेरच्या जगात त्याला अस्तित्वच नाही. त्यामुळे पत्र बाहेर जाताना पत्ता बदलावा लागतो, पण सभागृहाकडे जाताना बदलायचा नसतो. एकच पत्र दोन्हीकडे जात असेल तर?

लग्नपत्रिका छापताना मजकूर सगळ्यांसाठी एकच असतो. आहेराबद्दलची चिठ्ठी कोणाच्या पाकिटात घालायची, हे पाकिटे भरताना ठरते. पोस्टफिक्सचेही तसेच आहे. दहा जणांना लिहिलेले पत्र रांगेत साधारणपणे एकच असते, ठिकाणांनुसार फाटे फुटतात ते पोचवताना. म्हणून ठिकाण पाहून करायचा बदल आत येताना नव्हे, बाहेर पडतानाच करावा लागतो.

त्यासाठी 'ट्रान्सपोर्ट मॅप' नावाचा तक्ता असतो. कोणत्या ठिकाणचे पत्र कोणत्या दाराने जायचे, ते त्यात लिहितात. सभागृहाची पत्रे साध्या दाराने जातात. बाकी सगळी ज्या दाराने जातात, तिथे 'जेनेरिक मॅप' हा दुसरा तक्ता लावलेला आहे. तो अंतर्गत पत्त्याच्या जागी मंडळाचा जाहीर पत्ता घालतो. सभासदांची उत्तरे ग्रंथालयापर्यंत परत यायला उलट दिशेचा तक्ताही हवाच. त्याच बाहेरच्या दारावर 'हेडर चेक्स' लावून आतल्या संगणकांची नावे असलेल्या ओळी गाळता येतात. मात्र तिथे पत्र अडवून परत पाठवता येत नाही. अमुक ठिकाणी पत्र जाऊच नये असे वाटत असेल, तर ते आत घेतानाच नाकारावे लागते.

आता स्पॅमचे. पत्र मध्ये कोणी बदलले नाही याची खूण म्हणून त्यावर डीकेआयएम ही डिजिटल सही करतात. सहीत 'प्रेषक' ही ओळ असावीच लागते. बहुतेक ठिकाणी सही पत्र आत येतानाच होते आणि पत्ता बदलतो बाहेर पडताना. म्हणजे सही केलेल्या कागदावर नंतर खाडाखोड! समोरचा सर्व्हर ती सही खोटी ठरवणारच. गूगलने फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागितले आहे, आणि दिवसाला पाच हजार किंवा जास्त पत्रे पाठवणाऱ्यांकडे दोन्ही. आपला आकडा त्याच्या जवळपासही नाही. तरी मोडकी सही घेऊन जाण्यात शहाणपण नाही, असे आमचे मत.

यावर सरळ उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. पत्ता बदलणाऱ्या दारातून पत्र थेट बाहेर न सोडता ते त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या, स्वतंत्र पोस्टफिक्सकडे द्यायचे आणि सही तिथे करायची. काम थोडे वाढते, पण बदल आधी आणि सही नंतर होते. येत्या महिन्यात आम्ही ही मांडणी करत आहोत.

तोवर ग्रंथालयाचे पत्र स्पॅममध्ये सापडले तर 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. शक्य असल्यास 'मूळ संदेश दाखवा' या पर्यायातून येणारा पूर्ण मजकूर कार्यालयाला पाठवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून आम्हाला सही कुठे मोडली ते कळत नाही.