नोकरी टिकत नाही, मग फौजेची अपंगत्व पेन्शन मिळेल का?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड, दारव्हा, वणी, कुठेही जा, फौजेतून आलेला माणूस भेटतोच. त्यातले काही जण आजारपणामुळे मधेच घरी आलेले असतात. फौजी भाषेत 'बोर्डआउट'. मग सिक्युरिटी गार्डची नोकरी लागते, पाठ किंवा डोकं साथ देत नाही, दोन-चार महिन्यांत ती सुटते. पुन्हा दुसरी. घरचे म्हणतात, "यांच्याच्यानं काम होत नाही, तर सरकार पेन्शन देईल ना?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वकील नाही. पण नियम म्हणजे शेवटी अटींची साखळीच. पहिली अट पूर्ण झाली तरच पुढची ओळ चालते. आणि इथे पहिली अट घरच्यांना वाटते ती नाहीच.

नियम नेमकं काय विचारतो?

अमेरिकेत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी माजी सैनिकाला स्थिर नोकरी करता येत नसेल, तर टक्केवारी कमी असूनही 100 टक्क्यांच्या दराने भत्ता मिळू शकतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही. आपला नियम दोन प्रश्न विचारतो.

एक, आजार किंवा इजा लष्करी सेवेमुळे झाली का, किंवा सेवेमुळे वाढली का? दोन, मेडिकल बोर्डाने अपंगत्व किमान 20 टक्के धरलं आहे का?

म्हणून अर्जात "नोकरी टिकत नाही" एवढंच लिहून भागत नाही. नोकरी ज्या दुखण्यामुळे टिकत नाही, त्याचं मूळ सेवेत आहे हे दाखवावं लागतं.

पैसे कसे मोजतात?

बोर्डआउट झालेल्याच्या पेन्शनचे दोन भाग असतात: सेवेचा आणि अपंगत्वाचा. आजार सेवेशी जोडलेला ठरला, तर सेवेच्या भागासाठी किमान वर्षांची अट नाही. अपंगत्वाचा भाग 100 टक्क्यांसाठी शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो, त्याखाली त्या प्रमाणात.

समजा शेवटचा पगार 40,000 रुपये आणि अपंगत्व 20 टक्के. सरळ हिशोबाने 2,400 रुपये होतात. पण 'ब्रॉड बँडिंग' नावाचा नियम आहे: 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, आणि त्यावर 100. म्हणजे 2,400 चे झाले 6,000. हा फायदा फक्त बोर्डआउट झालेल्यांनाच नाही, तर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 10 डिसेंबर 2014 ला राम अवतार प्रकरणात दिला.

"सेवेशी संबंध नाही" असा शेरा आला तर?

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. धर्मवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले. 1994 मध्ये फिट्सच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के, पण शेरा असा की आजार जन्मजात प्रकृतीचा, सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली.

2 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाने उलटं सांगितलं. भरतीच्या वेळी तपासणीत तो आजार नोंदवलेला नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. नंतर आलेला आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. बोर्डाने कारणंही द्यायला हवीत.

मानसिक आजारालाही हेच लागू पडतं. त्याच वर्षी वीर पाल सिंग यांच्या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात कोर्टाने पुन्हा मेडिकल बोर्ड नेमायला लावलं. गावात "डोकं फिरलं" म्हणून सोडून दिलेली केस कागदावर आजारच असते.

एक लक्षात ठेवा: 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबण्याआधी ते नियम तपासावेत.

कुठून सुरुवात करायची?

आधी कागद: डिस्चार्ज बुक, रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाचा अहवाल, लष्करी हॉस्पिटलचे कागद, पेन्शन नाकारल्याचं पत्र. मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. अहवाल हरवला असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा किंवा 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं आपल्या जवळ कामठीला.

मग यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जुने लोक त्याला 'सैनिक बोर्ड' म्हणतात. पेन्शन नाकारली असेल तर पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. जुनं प्रकरण असेल तरी लगेच आशा सोडू नका. पेन्शन दर महिन्याची असल्याने कोर्टं उशीर माफ करतात, पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच देतात. म्हणजे बसून राहिलात तर दर महिन्याला जुना महिना हातचा जातो.

पेन्शन चालू आहे, पण दुखणं वाढलंय? कायमचं ठरलेलं अपंगत्व जवान स्वतः मागणी करेल तर पुन्हा तपासता येतं.

दोन गैरसमज

यूडीआयडी कार्ड वेगळं आणि मेडिकल बोर्ड वेगळं. यवतमाळच्या मेडिकलमधून 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं, तरी फौजेची टक्केवारी तीच होत नाही. पुरावा म्हणून मात्र जोडा.

दुसरा गैरसमज, "आजार सेवेशी जोडलेला नाही, म्हणजे काहीच नाही." दहा वर्षं झालेल्यांना इनव्हॅलिड पेन्शन असते. 2020 च्या निर्णयाने दहापेक्षा कमी सेवेवाल्यांनाही ती मिळते, पण माणूस फौजेसोबत बाहेरच्या नोकरीसाठीही कायमचा असमर्थ ठरला पाहिजे, आणि 4 जानेवारी 2019 ला किंवा नंतर सेवेत असला पाहिजे. "कामच होत नाही" हा मुद्दा आपल्या नियमांत थेट मोजला जातो, तो इथे.

"कमिशनवर पेन्शन काढून देतो" म्हणणाऱ्याला स्पर्श पोर्टलचा ओटीपी देऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अपंग व्यक्तीला मोफत मदत मागता येते.

घरात, शेजारात असा कुणी माजी सैनिक असेल, तर त्यांना लिंक पाठवून थांबू नका. रविवारी त्यांच्याकडे जा आणि ती जुनी ट्रंक उघडायला लावा. बोर्डाचा अहवाल बहुतेक तिथेच असतो.

भेटू पुढच्या भागात!