तोंडचं पाणी पळतं तेव्हा

पुण्यात, स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी गजबजलेल्या सदाशिव पेठेत दातांचा दवाखाना असला की परीक्षांच्या तारखा वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा महिन्यावर आली की माझ्याकडे दाढा दुखायला लागतात.

गेल्या खेपेला अभ्यासिकेतून उठून थेट आलेला एक मुलगा आठवतो. हिंगोलीकडचा, कॉट बेसिसवर राहणारा, चौथा अटेम्प्ट. "मॅडम, ही खालची दाढ काढूनच टाका. रात्री वाचू देत नाही." एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत, कीड नाही, मुळाशी पू नाही. मग त्याला म्हटलं, "आता दात घट्ट आवळ." जबड्याच्या कोपऱ्यापाशी गालावर बोट ठेवलं, तर स्नायू सुपारीसारखा टणक. जरा दाबताच तो कळवळला, "हीच, हीच दाढ!" दुखत होता स्नायू, कळ उतरत होती दाढेत. मग बाकीचं तोंड नीट पाहिलं. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालेली, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी कड, जिभेच्या काठाला करंजीच्या मुरडीसारख्या खाचा. पठ्ठ्या कित्येक महिने दात आवळून बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

हे सगळं मला पूर्वी दिसत नव्हतं. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंच्या दाढेचं मी रूट कॅनल केलं. दुखणं तसंच. म्हणून शेजारच्या दाढेचंही केलं. तिसऱ्या दाढेकडे वळणार तेवढ्यात त्या सहज बोलून गेल्या, की यजमान तीन महिने अंथरुणाला खिळलेत आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. झोप कशी लागते, काळजी कसली आहे, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्या दोन दाढा अजून माझ्या मनात ठणकतात.

एरवी आपले ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे असतात. घास चावताना आणि आवंढा गिळताना काय ते भेटतात. मन काळजीत असलं की शरीर झुंजायच्या तयारीत राहतं, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. दिवसा दात आवळण्याचं काळजीशी नातं जवळचं. झोपेत दात खाण्यामागे काळजीबरोबर दारू, तंबाखू, झोपेतले श्वासाचे अडथळे, काही औषधं अशी इतरही कारणं असतात. आपल्याकडे त्याचं खापर जंतांवर फोडतात. जंताच्या गोळीने दात खाणं थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट लाळेची. रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, आम्ल सौम्य करते, दातांना कॅल्शियम परत देते. भीतीने ती आटते. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावं. धर्मशास्त्रात आरोपीची परीक्षा घेण्याचे जे प्रकार सांगितलेत, त्यांत एक 'तंदुल दिव्य' आहे. संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावायचे. थुंकीत रक्त दिसलं, अंग कापू लागलं, तर तो दोषी. कोरड्या तोंडात तांदूळ चावले, तर रक्त येणं सोपंच. पण घाबरायला गुन्हाच करावा लागतो असं थोडंच आहे! त्या हिंगोलीकडच्या मुलाने कोरडेपणावर उपाय म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. लाळ कमी आणि साखर दिवसभर, त्यामुळे पुढच्या दातांच्या मुळाशी कीड लागायला सुरुवात झालेली.

हिरड्यांचंही तेच. सततच्या ताणाने जंतूंशी लढण्याची ताकद मंदावते, तोंड येतं, जखमा लवकर भरत नाहीत. त्यात 'आज राहू दे' म्हणून रात्रीचं ब्रश राहतं आणि चहासोबत सिगरेट वाढते. पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या सैनिकांच्या हिरड्या अशाच सडत. भीती, जागरण, सिगरेटी आणि तोंडाची हेळसांड. त्या रोगाला इंग्रजीत नावच पडलं 'ट्रेंच माउथ', म्हणजे खंदकातलं तोंड.

उपाय साधे आहेत. दातांचा ठसा घेऊन मी त्या मुलाला रात्री घालायचा नाइट गार्ड करून दिला. गार्ड काळजी घालवत नाही, दात वाचवतो. अभ्यासाच्या टेबलावर लाल टिकली चिकटवायला सांगितली. ती दिसली की दात सुटे करायचे, खांदे खाली सोडायचे. गालाला गरम शेक, च्युइंगम बंद, गोळ्यांऐवजी पाण्याचे घोट. मनाच्या काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं किंवा दात आवळले जातात. तसं असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड टेन्शनच्या नावावर घालू नका. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर तो लगेच दाखवावा.

परीक्षेनंतर तो मुलगा आला. पूर्व दोन मार्कांनी गेली होती. गार्ड त्याने रुमालात गुंडाळून आणला होता. खिडकीपाशी उजेडात धरला, तर त्यावर दाढांचे खोल खड्डे. "हे तुझ्या दातांवर पडले असते," मी म्हटलं. तो बराच वेळ गार्डकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरी अजून सांगितलं नाही, मॅडम." मी त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

डेंटिस्टच्या खुर्चीत बसलात की 'आ' करण्याआधी एवढं सांगा, झोप कशी लागते आणि सध्या काळजी कसली आहे. आम्ही विचारलं नाही, तरी सांगा.