छायाचित्रण भिंगे, हस्तचलित

फिल्मच्या कॅमेऱ्याची अशी भिंगे की, ज्यांतील केंद्रीकरण (प्रतिमा फिल्मवर रेखीव पडेल अशी जुळणी) भिंगावरील कडे हाताने फिरवून करतात. मिनोल्टा ७००० हा स्वयंचलित केंद्रीकरणाची यंत्रणा अंगभूत असलेला कॅमेरा १९८५ साली बाजारात आल्यानंतर या भिंगांची निर्मिती घटत गेली. आता ती मुख्यतः वापरलेल्या स्थितीत मिळतात. भिंगातील दोष फिल्म धुतल्यानंतरच उघड होतो आणि तोवर गेलेला प्रसंग परत मिळत नाही. म्हणून निवड करताना निर्मात्याच्या नावापेक्षा बैठक, केंद्रांतर व भिंगाची प्रत्यक्ष स्थिती यांना अधिक महत्त्व आहे. उन्हाळा व पावसाळा दोन्ही तीव्र असलेल्या वऱ्हाडात (अमरावती, अकोला इ. जिल्ह्यांत) स्थिती हीच निर्णायक ठरते.

बैठक : भिंग कॅमेऱ्यास जेथे जोडले जाते, त्या भागास बैठक म्हणतात. ती निर्मात्यागणिक निरनिराळी असते. एम-४२ या प्रकारात ४२ मिमी. व्यासाचा आटा असतो, तर निकॉन एफ (१९५९), कॅनन एफडी (१९७१) व पेंटॅक्स के (१९७५) यांच्या बैठकी अटकणीच्या आहेत. बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर एम-४२ मध्ये ४५·४६ मिमी., तर निकॉनमध्ये ४६·५ मिमी. आहे. त्यामुळे एम-४२ भिंग साध्या जोडकड्याने निकॉनवर बसविले, तरी दूरच्या वस्तूवर केंद्रीकरण होत नाही. १९७७ पूर्वीची निकॉन भिंगे त्यांच्या मूळ स्वरूपात नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांवर बसविल्यास कॅमेऱ्याचा खटका मोडण्याचा संभव असतो.

केंद्रांतर : ३५ मिमी. फिल्मवरील चौकट २४ × ३६ मिमी. असून तिचा कर्ण सु. ४३ मिमी. भरतो. यास जवळचे म्हणून ५० मिमी. भिंग ‘सामान्य’ मानले जाते. त्याचा दृष्टिकोन सु. ४७° असतो. २८ मिमी. भिंगाचा तो सु. ७५°, तर १३५ मिमी. भिंगाचा सु. १८° असतो. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा (१४८७) जवळून पूर्ण टिपण्यास २८ मिमी., तर त्यावरील उंचावरचे कोरीवकाम वेगळे घेण्यास १३५ मिमी. भिंग सोयीचे पडते. चिखलदऱ्याच्या (उंची सु. १,१०० मी.) पावसाळी धुक्यात प्रकाश मंद असल्याने एफ/१·८ किंवा एफ/२ इतके उघडणारे ५० मिमी. भिंग उपयुक्त ठरते. मेळघाटातील वन्य प्राण्यांसाठी २०० मिमी. वा त्याहून अधिक केंद्रांतर लागते. अशा वेळी कॅमेरा हातात धरल्यास उघडझापेचा काळ १/२५० सेकंद वा त्याहून कमी ठेवावा, अन्यथा तिकाटणे वापरावे.

परीक्षा : भिंग पूर्ण उघडून त्यातून विजेरीचा प्रकाश पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी होय. ती काचेवरील लेप कोरते. साफ केल्यानंतरही डाग राहू शकतात. कडेला इंद्रधनुषी झाक दिसल्यास दोन काचा जोडणारा डिंक सुटलेला असतो. प्रकाशरंध्राची पाती कोरडी असावीत व चटकन मिटावीत. ती तेलकट असल्यास उशिरा मिटतात आणि फिल्मवर जादा प्रकाश पडतो. पुढील काचेवरचा बारीक ओरखडा किंवा आतील थोडी धूळ यांनी फारसे बिघडत नाही. मागील काचेवरचा ओरखडा मात्र अधिक घातक असतो. १९६०–७० च्या सुमाराच्या काही ताकुमार भिंगांत थोरियमयुक्त काच असून ती कालांतराने पिवळी पडते. याने रंगीत फिल्मवर पिवळट झाक येते. जंबुपार किरणांनी हा रंग बराच कमी होतो.

हवामान व जतन : अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान कित्येकदा ४५° से. च्या वर जाते. उष्णतेने केंद्रीकरणाच्या आट्यातील वंगण पातळ होते व त्यातील तेल पात्यांवर पसरते. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली भिंग ठेवू नये. पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी वाढते. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, म्हणून ती टाळावी. पाण्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत भर उन्हाळ्यातही हवा दमट राहते, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे इष्ट होय. सिलिका जेल ओल शोषून निकामी झाल्यास तापवून पुन्हा वापरता येते. भिंग अधूनमधून बाहेर काढून वापरल्यास त्यास हवा व उजेड मिळतो आणि दोष आरंभीच ध्यानात येतो.