माळावरचे गवत : कापावे की चारावे?

सभासद बंधूंनो, लागणीची नि खताची माहिती आपण या पानांतून नेहमीच वाचता. या खेपेस बांधापलीकडच्या माळाकडे वळू. नुसत्या वाड्यावर दुभते जनावर टिकत नाही. माळाचे गवत लागतेच. मात्र ते कापून आणले काय आणि जनावराने चरले काय, एकच, असे आपण धरून चालतो. तसे ते नाही.

ऊस हेही गवतच. तो आपण जमिनीसरपट तोडतो, कारण खोडव्याचे डोळे मातीखालच्या कांड्यांवर असतात. पवना नि मारवेल यांची शिदोरी मात्र खोडाच्या खालच्या चार-सहा बोटांत असते. विळा तिथवर गेला की ठोंब खंगतो. पहिल्या पावसावर येणारा हिरवा कोंब हाही मागल्या वर्षीच्या शिदोरीवरच आलेला. तेवढ्यातच गुरे सोडली तर ठोंब उपाशी राहतो, शिवाय ओल्या मातीवर खूर पडून जमीन दडपते. महिना-दीड महिना दम धरावा.

विळा निवड करीत नाही, जनावर करते. मारवेल, पवना आधी ओरबाडले जातात. कुसळी कोवळी आहे तोवर खातात, कुसळ धरले की कोणी तोंड लावीत नाही. मग बी पडते ते कुसळीचे. माळ नासला म्हणतात तो असा. पुढे तर तरवडच उरतो!

आता खताचा हिशेब. चरलेल्या नत्र, स्फुरद, पालाशापैकी मोठा भाग शेणामुतातून परत पडतो. स्फुरद शेणात, पालाश मुख्यतः मुतात. पण पडतो कोठे? पाणवठ्याशी, झाडाच्या सावलीत, आणि रात्रभर आपल्या गोठ्यात. गोठ्यातले शेण उकिरड्यावरून उसात जाते. म्हणजे माळाची सुपीकता आपण उसात उतरवून घेतो. मेंढ्या शेतात बसवून धनगराला धान्य देतो, तेव्हाही माळाचेच खत विकत घेत असतो. कापणीत तर सगळेच उचलले जाते : फुलोऱ्यातल्या टनभर वाळल्या गवताबरोबर साधारण सात ते दहा किलो नत्र जाते, पालाशही थोडाथोडका नाही.

इंग्लंडात रोथमस्टेड येथे १८५६ पासून एकाच कुरणावर हा प्रयोग चालू आहे. दरवर्षी गवत कापून नेतात. बिनखताच्या तुकड्यांत उत्पन्न कमी, पण वनस्पतींच्या जाती पुष्कळ. अमोनियम सल्फेट भरपूर दिलेल्या नि चुना न दिलेल्या तुकड्यांत माती आंबट झाली आणि बोटांवर मोजण्याइतक्याच जाती उरल्या. आपली चुनखडीची माती तशी आंबट होणार नाही. पण नत्र मिळताच एखादे दांडगे गवत बाकीच्यांना झाकून टाकते, हे आपल्याकडेही खरे. तेव्हा उसासारखी युरियाची पोती माळावर ओतू नयेत. शेणखत थोडे-थोडे परत न्यावे, तेही ज्या भागातून गवत कापून आणले त्याच भागात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली, आणि तेथील डोंगर पुन्हा गवताने भरले. आमच्या मते उघड्या पडलेल्या माळाला प्रथम हाच उपाय. मात्र शेणखत परत गेले नाही तर हे गवतही हळूहळू उतरेल.

कापणी केव्हा करावी, यावर वाद होतो. भादव्यात फुलोऱ्यावर कापले तर गवत कसदार, पण पावसात वाळवणार कसे? दिवाळीनंतर वाळते, पण तोवर त्याची काडी झालेली असते. पाऊस उघडताच कापणे हा त्यातला मध्यम मार्ग. त्या वेळी माळाचा पाचवा हिस्सा तसाच राखावा, बी झडू द्यावे आणि मगच त्यावर विळा चालवावा. पुढच्या वर्षी राखायचा पट्टा दुसरा.