पालघरची गाडी आणि शार्दूलची चिकाटी

सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या मैदानावर जाणाऱ्या मुलांच्या पालकांना आम्ही एकच विचारतो : एक मोसम वाईट गेला म्हणून मुलाचा खेळ बंद करणार काय? उत्तर देण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील शार्दूल ठाकूरची कारकीर्द पाहावी.

1991 साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. पालघरहून गाडीने, आपल्या सफाळ्यावरूनच, तो मुंबईला सरावाला जाई. 2012 साली रणजी सामने मिळाले. पहिल्या चार सामन्यांत बळी अवघे चार. तो खचला नाही. 2014-15 च्या मोसमात त्याने 48 बळी घेतले. 2018 साली पहिली कसोटी मिळाली, तर दहा चेंडू टाकताच जांघेचा स्नायू दुखावला. पुढची कसोटी थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनला. तेथे सात बळी आणि पहिल्या डावात 67 धावा! 2022 साली जोहान्सबर्गला एकाच डावात सात बळी.

रग्बीत पुढच्या फळीचे गडी धक्के सोसतात, कौतुक मात्र मागून धावणाऱ्यांचे होते. शार्दूलची मेहनतही त्याच जातकुळीची. 2024 साली घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी तो मुंबईकडून पुन्हा मैदानात उतरला.

2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्याने अंधेरीला पालघरची लोकलच धरली होती.

पालकहो, प्रत्येक मूल भारताकडून खेळणार नाही. अभ्यास सुटू देऊ नका. पण निकाल लावण्याआधी मुलांना तीन-चार मोसम द्या; मुलींनाही तेवढेच.